पडत्या संघांतील पोरसवदा सेनापति

आपल्याकडे फुटबॉल म्हटला कीं पायानें मारावयाचा वाटोळा चेंडू डोळ्यांपुढें येतो. अमेरिकेंत त्याच नांवानें खेळतात तो खेळ निराळा. तेथें चेंडू लांबट. तो छातीशीं धरून धांवावयाचें किंवा हातानें फेकावयाचा. १९०६ सालीं चेंडू पुढें फेकण्यास नियमांनीं मोकळीक दिली, आणि हळूहळू तो फेकणारा गडी साऱ्या चढाईचा सेनापति होऊन बसला. त्यास क्वार्टरबॅक म्हणतात. पांच धिप्पाड गडी त्याच्यापुढें भिंतीसारखे उभे राहतात. प्रतिपक्षाचे वीर ती भिंत फोडून अंगावर येण्यापूर्वीं, दोनतीन सेकंदांत, मोकळा साथीदार हेरून त्याच्याकडे चेंडू पोंचवावयाचा. भिंत ढांसळली कीं सेनापति चेंडूसकट भुईसपाट!

या खेळांत एक विलक्षण प्रथा आहे. १९३६ पासून तेथील व्यावसायिक संघ महाविद्यालयांतील खेळाडू पाळीपाळीनें निवडून घेतात, आणि जो संघ सर्वांत अधिक हरला त्याला निवडीचा पहिला मान मिळतो. हेतु समतेचा, परिणाम मात्र असा कीं, सर्वांत गुणी पोर पुष्कळदां सर्वांत दुबळ्या घरीं जाऊन पडतें. मग त्याचे गुण कसे मोजावयाचे?

मोजण्याची व्यवस्था आहे. १९७३ सालीं संघटनेनें एक गुणपद्धति स्वीकारली. शेंकडा किती फेकी साथीदारांनीं झेलल्या, दर फेकीमागें किती यार्ड मिळाले, किती टचडाउन झाले आणि किती फेकी शत्रूच्या हातीं गेल्या, या चार गोष्टींवरून गुण काढतात. पूर्ण गुण १०० नव्हेत, १५८.३! माझ्यासारख्या जुन्या मास्तरास याची मौज वाटते. परंतु भिंत कितीदां कोसळली, याला त्या गुणपत्रकांत रकानाच नाहीं.

टेरी ब्रॅडशॉ १९७० सालीं पिट्सबर्गच्या संघांत पहिल्या क्रमांकानें आला. पहिल्या हंगामांत त्याचे टचडाउन सहा, आणि शत्रूनें झेललेल्या फेकी चोवीस. १९७४ च्या आरंभीं तर त्याची जागाहि गेली. पण त्याच हंगामाच्या शेवटीं तो अजिंक्यपद घेऊन आला, व पुढें आणखी तीन. ट्रॉय एकमन १९८९ सालीं डल्लासकडून अकरा सामने खेळला आणि अकराहि हरला. तोहि पुढें तीनदां विजेता झाला. ही उदाहरणें लोक नेहमीं सांगतात, आणि तीं ऐकून वाटूं लागतें कीं धीर धरला म्हणजे झालें. मला तें पटत नाहीं.

आर्ची मॅनिंगचें पाहा. न्यू ऑर्लिन्सनें त्याला १९७१ सालीं घेतलें. साऱ्या कारकीर्दींत त्यानें आरंभापासून खेळलेल्या सामन्यांपैकीं ३५ जिंकले, १०१ हरले, ३ बरोबरींत सुटले. १९८० सालीं सोळांपैकीं एकच विजय मिळाला, तेव्हां त्या गांवचे प्रेक्षक लाजेनें डोक्यावर कागदी पिशव्या घालून बसत. तरी आर्ची सामान्य होता असें जाणते म्हणत नाहींत. त्याचा मुलगा पेटन १९९८ सालीं इंडियानापोलिसला आला. तीन विजय, तेरा पराजय, आणि २८ फेकी शत्रूच्या हातीं! परंतु हा पाडला गेला तो २२ वेळांच. म्हणजे भिंत शाबूत होती; चुका बहुतांशीं त्याच्या, आणि म्हणूनच त्याला त्यांपासून शिकतां आलें. पुढल्याच वर्षीं तेरा विजय व तीन पराजय, नेमका उलटा हिशेब.

आतां डेव्हिड कार. २००२ सालीं ह्यूस्टनचा संघ अगदीं नवा उभा राहिला व त्यानें कारला पहिल्या क्रमांकानें घेतलें. भिंतीचा आधारस्तंभ म्हणून टोनी बोसेली या नामांकित गड्यास आणलें होतें. पण खांद्याच्या दुखापतीमुळें तो ह्यूस्टनसाठीं एकहि सामना खेळला नाहीं. त्या एका हंगामांत कार ७६ वेळां पाडला गेला. तो उच्चांक ठरला. पांच वर्षांत २४९ वेळां. कांहींजण म्हणतात, तो चेंडू फार वेळ हातांत धरी. असेल, पण ज्याला रोज मार खावा लागतो त्याची नजर साथीदारांवर राहील कीं अंगावर येणाऱ्यांवर? भ्यालेला विद्यार्थी येणारें उत्तरहि चुकतो, हें मीं वर्गांत पुष्कळदां पाहिलें आहे. २००६ सालीं कारनें शेंकडा ६८.३ फेकी साथीदारांच्या हातीं दिल्या; साऱ्या संघटनेंत तो पहिला. परंतु त्या बहुधा आंखूड फेकी होत्या, आणि संघ सोळांपैकीं सहाच सामने जिंकला. गुणपत्रकानें पूर्वीं त्याच्यावर अन्याय केला, या खेपेस फाजील कृपा केली.

तेव्हां एकाच्या २८ चुका आशेच्या व दुसऱ्याची पहिली श्रेणी निराशेची, असें दिसतें. मी परीक्षक असतों तर इतकेंच पाहिलें असतें कीं, ज्या घटकेस भिंत टिकली त्या घटकेस हा पोरगा काय करीत होता. कारच्या वाट्यास तशा घटका पुरेशा आल्याच नाहींत. २००७ सालीं ह्यूस्टननें त्याला निरोप दिला. पुढें तो न्यूयॉर्कच्या जायंट्स संघांत राखीव म्हणून राहिला. २०१२ च्या फेब्रुवारींत तो संघ अजिंक्य ठरला, तेव्हां सेनापति होता आर्चीचा धाकटा मुलगा ईलाय, आणि कार बाजूला उभा राहून पाहत होता.