सात हाली, सहा कलदार

माझं आजोळ कंधार तालुक्यातलं. सप्टेंबर 1948 ला निजामाची राजवट संपली, पण त्याचा हाली रुपया लगेच गेला नाही. 1950 पासून भारताचा रुपया, म्हणजे आमच्याकडचा कलदार, त्याच्या जोडीनं चालला. 1959 ला हाली कायमचा बंद झाला. भाव ठरलेला होता : सात हालीला सहा कलदार.

आजीच्या उतरंडीत, तळच्या मडक्यात 84 हाली होते. अहमदपूरच्या बाजारात एका दुकानदारानं त्याचे 60 कलदार तिच्या हातावर ठेवले. यायला पाहिजे होते 72. तिला हे कळलं चार महिन्यांनी. कुणाला शिव्याशाप दिले नाहीत. म्हणली, "मलाच मोजता आलं न्हाई."

त्याच साली तिनं मायला शाळेत घातलं. माय चौथी शिकली. पुढं पोस्टात खातं काढलं. पासबुकावरची एकेक नोंद बोट ठेवून वाचायची, मगच खिडकी सोडायची.

आता माझी लेक लातूरला शिकते. शिष्यवृत्ती मोबाइलवर कळते. फोन आला की माय विचारते, "किती आले ते मागून सांग. यायला किती पाहिजे होते?"