शेवंतीला रात्र हवी

शेवंती मूळची चीनची. तिथं ती २००० वर्षांहून जास्त काळ लावतात. पण ती पावसाळा सरल्यावरच का फुलते, याचा उलगडा १९२० पासून होऊ लागला. अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड या शास्त्रज्ञांनी तंबाखू-सोयाबीनवर दाखवून दिलं, की काही पिकं रात्र लांबली तरच कळी धरतात. शेवंती त्यांतलीच.

आपल्या मोऱ्याजवळ न्हावाशेवा बंदर १९८९ साली सुरू झालं आणि रात्रीचा उजेड वाढत गेला. म्हणून शेवंती दिव्याच्या खांबापासून लांब लावा, नाहीतर दिवाळीची फुलं हुकतील. बहर सरल्यावर बुंधे उपटू नका. झाड बहुवर्षायू आहे. बुंध्याला फुटलेल्या काश्या एप्रिल-मेमध्ये उंच वाफ्यावर लावा. पाणी साचू देऊ नका.