आवटी, मनोहर प्रल्हाद
(७ सप्टेंबर १९२७ – ४ नोव्हेंबर २०१८). भारतीय नौदलाचे व्हाइस अ‍ॅडमिरल व ‘सागर परिक्रमा’ मोहिमेचे प्रवर्तक. जन्म सुरत येथे. १९७१च्या युद्धात पूर्व किनाऱ्यावर ‘आयएनएस कामोर्ता’ या युद्धनौकेचे ते कप्तान होते. त्या कामगिरीबद्दल त्यांना वीरचक्र मिळाले. मुंबईच्या पश्चिम नौदल कमांडचे प्रमुख असताना १९८३ साली ते निवृत्त झाले. हुद्दे व पदके इतरांनाही लाभली. आवटींचे वेगळेपण निवृत्तीनंतरचे.

दर्यावर्दी माणूस जाऊन राहिला तो फलटण तालुक्यातल्या विंचुर्णीला, समुद्रापासून दूर, शेतीवाडी आणि झाडाझुडपांत. शिडाच्या होडीने भारतीयाने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ‘सागर परिक्रमे’चा ध्यास मात्र सुटला नाही. पांढरीशुभ्र दाढी राखलेल्या या वृद्धाने नौदलाला तो पटवला. आव्हान स्वीकारले कमांडर दिलीप दोंदे यांनी. रत्नाकर दांडेकर यांच्या गोव्यातील कारखान्यात ‘म्हादेई’ ही ५६ फुटी होडी बांधली गेली. १९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली व केपटाउन असे चारच थांबे घेत मे २०१०मध्ये परतले. असे करणारे ते पहिले भारतीय. त्याच होडीतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३मध्ये विनाथांबा फेरी पूर्ण केली, आणि २०१७-१८मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी ‘तारिणी’ या होडीवरून जग फिरून आल्या. ती मोहीमही आवटींना पाहायला मिळाली.