छत्तीसचा आकडा

नायजेरियात नवा राष्ट्राध्यक्ष आला की मंत्र्यांच्या नावांची यादी मंजुरीसाठी सिनेटकडे जाते. वाचणारे आधी नाव वाचत नाहीत, नावापुढचं राज्य वाचतात. आपल्या राज्यातून कोणाची वर्णी लागली, एवढं कळलं की मग माणूस कोण, कुठल्या पक्षातून आला, काय शिकला याची चौकशी. कोणाला कोणतं खातं मिळणार हे तर यादीत बहुधा नसतंच. राज्यघटनेचं १४७वं कलम सांगतं की प्रत्येक राज्यातून किमान एक मंत्री घेतलाच पाहिजे आणि तो त्या राज्याचा भूमिपुत्र असला पाहिजे. राज्यं ३६ आहेत. त्यामुळे राष्ट्राध्यक्षाने काटकसरीची कितीही भाषणं ठोकली तरी मंत्रिमंडळ ३६ च्या खाली उतरत नाही.

ही राज्यघटना १९९९ ची, म्हणजे लष्करी राजवट संपली त्या वर्षीची. त्यामुळे हा वाटा लोकशाहीसोबत आला असावा, अशी समजूत सहज होते. तो आला मात्र फार आधी, आणि त्याला आजचं रूप दिलं ते सेनाधिकाऱ्यांनी.

सुरुवात इंग्रजांपासून. १९५१ मध्ये गव्हर्नर मॅकफर्सन यांच्या नावाने ओळखली जाणारी राज्यघटना लागू झाली, तेव्हा देशाचे उत्तर, पश्चिम आणि पूर्व असे तीन प्रांत होते. मंत्रिपरिषदेत बारा नायजेरियन घेतले, प्रत्येक प्रांताचे चार. ते बसत तेव्हाच्या राजधानीत, लागोसला, पण पाठवलेले प्रांतांनी, त्यामुळे जीव प्रांतातच. १९५३ मध्ये पश्चिमेचे अँथनी एनाहोरो यांनी १९५६ साली स्वराज्य मिळावं असा ठराव आणला. उत्तरेच्या पुढाऱ्यांना ती घाई नको होती. तिढा इतका वाढला की पश्चिमेचे चारही मंत्री राजीनामे देऊन बाहेर पडले. पुढच्याच वर्षी नवी घटना आली, तरी हिशेब तोच राहिला: प्रत्येक प्रांताचे तीन, शिवाय दक्षिण कॅमेरूनचा एक.

१९६० च्या स्वातंत्र्यानंतर पंतप्रधान अबुबकर तफावा बलेवा यांच्यावर असं लेखी बंधन नव्हतं. आघाडीच्या गणितातून मंत्री ठरत. १५ जानेवारी १९६६ च्या बंडात बलेवा मारले गेले, त्यांचे अर्थमंत्री फेस्टस ओकोटी-एबोहही मारले गेले. बंडवाल्या अधिकाऱ्यांत इग्बो जमातीचे जास्त आणि बळी पडलेल्यांत उत्तरेचे मोठे नेते, त्यामुळे एकाच जमातीने देश ताब्यात घेतल्याचा संशय उत्तरेत पसरला. जुलैत उलट बंड झालं आणि याकुबू गोवोन सत्तेवर आले.

गोवोन यांनी २७ मे १९६७ रोजी प्रांत मोडून बारा राज्यं केली. हा प्रशासकीय सोयीचा विचार नव्हता. पूर्व प्रांत फुटण्याच्या बेतात होता. त्याचे तुकडे केले तर तिथल्या अल्पसंख्य जमाती आणि किनाऱ्याकडचा तेलाचा पट्टा इग्बो नेतृत्वापासून वेगळा काढता येणार होता. तीन दिवसांनी पूर्व प्रांताने बियाफ्रा या नावाने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि युद्ध पेटलं.

लष्करालाही सरकार चालवायला नागरी माणसं लागतात, हे गोवोन लवकर शिकले. राजद्रोहाच्या शिक्षेत काळाबारच्या तुरुंगात असलेले पश्चिमेचे पुढारी ओबाफेमी आवोलोवो यांना त्यांनी १९६६ मध्ये सोडलं आणि वर्षभरात त्यांच्या हाती देशाची तिजोरी दिली. पदाचं नाव मंत्री नव्हतं, कमिशनर होतं. युद्धाचा खर्च सांभाळून आवोलोवो १९७१ मध्ये बाहेर पडले. पुढच्या प्रत्येक लष्करशहाने हीच वाट धरली. सानी अबाचाने तर १९९३ च्या रद्द झालेल्या निवडणुकीत मोशूद अबिओला यांचे जोडीदार उमेदवार असलेल्या बाबागाना किंगिबे यांनाच परराष्ट्रमंत्री केलं. विजयी अबिओला पुढे कैदेत गेले, किंगिबे मंत्रिमंडळात.

आता मूळ गाठीकडे. १९७५ मध्ये गोवोन यांच्यानंतरचे लष्करशहा मुर्तला मोहम्मद यांनी नागरी सत्तेसाठी घटनेचा मसुदा करायला समिती नेमली. नेमलेल्या पन्नासांपैकी आवोलोवो यांनी नकार दिला, उरले एकोणपन्नास. सरकार एकाच जमातीचं वाटू नये म्हणून त्यात देशाचं संघीय स्वरूप दिसलं पाहिजे, या कल्पनेने तिथे आकार घेतला. दरम्यान १९७६ मध्ये लष्कराने राज्यं एकोणीस केली होती. १९७९ च्या घटनेत दोन्ही गोष्टी एकत्र आल्या: राज्य तिथे मंत्री. त्या वेळी लष्करी सत्तेच्या प्रमुखपदी होते जनरल ओलुसेगुन ओबासांजो.

राज्यांच्या आकड्यावर किती काय अवलंबून असतं, ते त्याच वर्षी दिसलं. राष्ट्राध्यक्ष व्हायला दोन-तृतीयांश राज्यांत किमान चौथा हिस्सा मतं हवी होती. एकोणीसचे दोन-तृतीयांश किती? तेरा, असं सगळे धरून चालले होते. शेहू शगारी यांच्या पक्षाचे वकील रिचर्ड अकिंजिडे म्हणाले, बारा पूर्णांक दोन-तृतीयांश. शगारींना बाराच राज्यांत तेवढी मतं होती, पण तेराव्या राज्याचा फक्त दोन-तृतीयांश भाग मोजला तर ते बसत होते. सर्वोच्च न्यायालयाने त्यांची निवड कायम ठेवली. अकिंजिडे न्यायमंत्री झाले.

शगारींचं सरकार १९८३ च्या शेवटच्या दिवशी लष्करी बंडात पडलं. त्यांचे वाहतूकमंत्री उमारू डिक्को लंडनला पळाले. जुलै १९८४ मध्ये त्यांना तिथे भरदिवसा उचलून, गुंगीचं औषध देऊन, लाकडी खोक्यात घालून विमानाने लागोसला पाठवायचा घाट घातला गेला. स्टॅनस्टेड विमानतळावर अधिकाऱ्यांनी खोका उघडला आणि माजी मंत्री जिवंत सापडले. पायउतार मंत्र्याच्या वाट्याला हे येऊ शकत असेल, तर मंत्रिपदावर उड्या का पडतात हा प्रश्न पडतो खरा. पण उड्या पडतच राहिल्या.

लष्कराची पेन्सिलही थांबली नाही. लष्करशहा बाबांगिडांनी १९८७ मध्ये राज्यं एकवीस केली, १९९१ मध्ये तीस. अबाचाने १ ऑक्टोबर १९९६ रोजी आणखी सहा जाहीर केली. नवं राज्य म्हणजे नवा गव्हर्नर, नवी राजधानी, केंद्राकडच्या तेलाच्या पैशातला नवा हिस्सा. नागरी सत्ता आल्यावर एक मंत्रिपदही. अबाचा १९९८ मध्ये अचानक मेला, आणि त्याने आखलेल्या छत्तीस चौकटींत मंत्री बसवायचं काम निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षावर २९ मे १९९९ रोजी आलं. तो राष्ट्राध्यक्ष म्हणजे पुन्हा ओबासांजोच, अबाचाच्या तुरुंगातून सुटलेले.

त्यांनी संरक्षण खातं दिलं निवृत्त जनरल थिओफिलस दंजुमा यांना, म्हणजे १९६६ च्या जुलैत इबादानमध्ये तेव्हाचे लष्करी राष्ट्रप्रमुख इरोन्सी यांना ताब्यात घेणाऱ्या अधिकाऱ्याला. तेलखातं स्वतःकडेच ठेवलं. आणि योरुबा प्रदेशात आपल्या पक्षाचा सपाटून पराभव झालेला असल्याने विरोधी पक्षाचे बोला इगे यांना वीजखातं, नंतर न्यायखातं दिलं. २३ डिसेंबर २००१ रोजी न्यायमंत्री असतानाच इगेंचा इबादानमधल्या घरी गोळ्या घालून खून झाला. खुनी कोण, हे आजतागायत न्यायालयात सिद्ध झालेलं नाही.

छत्तीस जागांची सक्ती चांगली की वाईट? मला वाटतं, तिने एक भय खरोखर कमी केलं. पूर्ण वगळलेला प्रदेश राजधानी अबुजात आता सापडत नाही. पण राज्याला खुर्ची मिळते म्हणजे राज्याच्या लोकांना मिळते असं नाही. माणूस राष्ट्राध्यक्षच निवडतो, आणि तो पुष्कळदा माजी गव्हर्नर असतो (तिथला गव्हर्नर निवडून येतो, आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखा). सिनेटमध्ये माजी खासदार उभा राहिला की प्रश्न न विचारता ‘वाकून नमस्कार करा आणि निघा’ म्हणायची पद्धत पडली आहे. शिवाय भूमिपुत्र ठरतो तो आईबाप-आजोबांच्या गावावरून. लागोसमध्ये जन्म काढलेल्या इग्बो माणसाला लागोसच्या वाट्याची खुर्ची मिळणं जवळजवळ अशक्य.

या मंत्र्यांना वजन किती, हे २०१० मध्ये कळलं. राष्ट्राध्यक्ष उमारू यारअदुआ नोव्हेंबर २००९ पासून सौदी अरेबियात उपचार घेत होते. राष्ट्राध्यक्ष असमर्थ ठरवायची प्रक्रिया सुरू करण्याचा घटनात्मक अधिकार मंत्रिमंडळाचा, आणि मंत्रिमंडळाने ते समर्थ असल्याचा निर्वाळा दिला. माहितीमंत्री डोरा अकुन्यिली यांनी एकटीने सहकाऱ्यांसमोर टिपण ठेवलं की उपाध्यक्ष गुडलक जोनाथन यांच्याकडे सूत्रं द्यावीत. शेवटी मार्ग काढला तो संसदेने. मार्चमध्ये जोनाथन यांनी ते मंत्रिमंडळच बरखास्त केलं.

२०१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष मुहम्मदू बुहारींनी तर मे ते नोव्हेंबर मंत्र्यांवाचून कारभार हाकला, आणि काम नोकरशाही करते, मंत्री नुसता गलका करतात, असं एका फ्रेंच वाहिनीला सांगितलं. त्यानंतर घटनादुरुस्ती होऊन यादी साठ दिवसांत पाठवणं बंधनकारक झालं. नवे राष्ट्राध्यक्ष बोला टिनुबूंनी २०२३ मध्ये ती मुदत पाळली. ऑगस्टमध्ये शपथ घेतली पंचेचाळीस जणांनी.

नव्या राज्यांच्या मागण्या संसदेकडे येतच असतात. घटनेची अट अशी: त्या भागातल्या प्रतिनिधींचे दोन-तृतीयांश, मग सार्वमत, मग बहुसंख्य राज्यांची मान्यता, मग संसदेत पुन्हा दोन-तृतीयांश. नागरी सत्तेला नवा प्रांत करणं एकदाच जमलं, १९६३ मध्ये, सार्वमताने मध्य-पश्चिम प्रांत झाला तेव्हा. छत्तीस हा आकडा १९९६ पासून हललेला नाही.