सोवळ्याकडून दरबाराकडे : टिळक दांपत्याची ख्रिस्ती साधना

हुपरीला लोक येतात ते पैंजण, जोडवी, वाळे घ्यायला. ख्रिस्ती धर्माचा विचार करायला इथे कोणी येत नाही. आमच्या भागातल्या जुन्या माणसांना ‘मिशन’ ठाऊक आहे ते मिरजेच्या दवाखान्यामुळे. डॉ. वानलेस यांनी तो १८९४ मध्ये सुरू केला. कोल्हापुरात तर १८५२ पासून रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याचे काम होते. माझी या विषयाशी गाठ पडली ती मात्र गावच्या धंद्यामुळे. मराठी बायबलातल्या मलाखीच्या पुस्तकात देवाला रुपे गाळून शुद्ध करणाऱ्याची उपमा दिली आहे, आणि हा गाळणारा तिथे बसून असतो असे म्हटले आहे. आटणी पाहिलेल्या माणसाला हे बसणे चटकन कळते. मूस आगीवर असताना कारागिराला उठून जाता येत नाही. चांदीचा टंच वाढतो तो आगीजवळ थांबल्याने. आपल्या सोवळ्यातली शुद्धता याच्या नेमकी उलट, लांब राहण्यातली. या दोन कल्पना एकाच घरात समोरासमोर आलेल्या पाहायच्या असतील, तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ त्या नजरेने पुन्हा वाचावीत.

लक्ष्मीबाई १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या घरात जन्मल्या. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना फाशी झाली, आणि त्या प्रसंगानंतर वडिलांना सोवळ्याने जे पछाडले ते कायमचे. मीठ-साखरसुद्धा धुऊन घेण्यापर्यंत मजल गेली. लक्ष्मीबाई हे हसत हसत सांगतात, पण त्या घरातल्या बायकांचे हाल हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. पवित्र राहण्याची हौस एकाची आणि त्यापायी पाणी शेंदायचे दुसऱ्यांनी, हा प्रकार त्यांनी लहानपणीच पाहिला. पुढे तो वेगळ्या रूपात पुन्हा त्यांच्या वाट्याला आला.

नारायण वामन टिळक राजनांदगावकडे जात असताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मागे राहिलेल्या पत्नीने नातेवाइकांच्या आश्रयाने दिवस काढले. काही काळाने त्या नगरला आल्या, तरी सुरुवातीला चूल वेगळी, पाणी वेगळे असेच चालले होते. माणसाने माणसाला विटाळ मानायचा तो का, हा प्रश्न त्यांनी आपल्या परीने, आपल्या वेळेने सोडवला. त्यांचा बाप्तिस्मा पतीनंतर सुमारे पाच वर्षांनी झाला. धर्मांतराच्या कथांमध्ये ही पाच वर्षे दोन ओळींत उरकतात. मला ती टिळकांच्या बाप्तिस्म्याहून मोलाची वाटतात, कारण त्यांत घाई नाही आणि कोणाच्या शब्दाखातर केलेले काही नाही.

त्यानंतरचे नगरचे घर म्हणजे उघडी धर्मशाळा. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनानंतर बालकवी ठोंबरे या घरात येऊन राहिले. ते हिंदूच राहिले, आणि लक्ष्मीबाईंनी त्यांचे सगळे मुलासारखे केले. प्लेगच्या दिवसांत या बाईंनी रोग्यांची शुश्रूषा केली. मीठ धुणाऱ्या बापाची मुलगी ती! टिळकांच्या हातात मात्र पैसा टिकत नसे. समोर कोणी गरजू आला की खिसा रिकामा, आणि मग संध्याकाळच्या पिठाची विवंचना घरच्या बाईला. चरित्रकार याला औदार्य म्हणतात. ते होतेही, पण त्याचा निम्मा खर्च कोणाच्या खाती पडला हे पानापानावर दिसते.

मिशनची चाकरी टिळकांना हळूहळू खुपू लागली. नोकरी, पगार, बंगल्यातल्या साहेबाची मर्जी यांत अडकलेला ख्रिस्ती माणूस आपल्याच देशात पाहुण्यासारखा राहतो, हे त्यांचे दुःख. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ते सांगत. अभंग, भजन, कीर्तन ही त्यांच्या उपासनेची भाषा होती, आणि मराठी चर्चमध्ये त्यांची गीते आजही गायली जातात. वारकऱ्याने प्रपंच न सोडता विठ्ठल गाठला, मग ख्रिस्ती माणसाने पवित्र जगण्यासाठी मिशनचे कुंपण का शोधावे, असा हा सगळा विचार आहे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले, संन्यासी म्हणून राहायचे ठरवले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसता यावे, ही त्यामागची कल्पना. चर्चमधल्या अनेकांना हे पचणे कठीण होते आणि हिंदू समाजाला त्यात जुनाच डाव दिसणे साहजिक होते.

बायको-मुले असलेल्या माणसाचा हा संन्यास मला पूर्णपणे पटत नाही. वेतन सोडण्याचा निर्णय एकट्याचा होता, झळ सगळ्या घराला लागली. तरीही त्या काळात आणि त्या धर्मात इतक्या उघडपणे दार सताड ठेवणारा दुसरा मराठी माणूस मला दिसत नाही. बाबा पदमनजींची वाट लेखनाची होती, नीळकंठशास्त्री गोऱ्ह्यांची कठोर वैराग्याची. टिळकांना पंगत हवी होती.

दरबार जेमतेम दोन वर्षेही चालला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले आणि ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे ओवीबद्ध महाकाव्य अकराव्या अध्यायाच्या आसपास अडले. शाळा न पाहिलेल्या, लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरे शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले. पुढचे चौसष्ट अध्याय त्यांचे आहेत.