शेपटीमागचा इतिहास

कुत्र्यांच्या जाती म्हटले की आपल्याला अल्सेशियन, डॉबरमन, पॉमेरेनियन अशी यादी आठवते. पण वंशावळ नोंदवून जात ठरवण्याची ही पद्धत फारशी जुनी नाही. इंग्लंडमधील केनेल क्लब स्थापन झाला तो १८७३ साली. त्याआधी बहुतेक कुत्र्यांना नाव मिळे ते कामावरून. अशा दोन कामकरी कुत्र्यांचा इतिहास येथे पाहू. एक म्हणजे गुरांचे कळप शेकडो मैल हाकत नेणारा कुत्रा आणि दुसरा ‘लर्चर’. दोघांचीही वंशावळ कोणी लिहून ठेवली नाही. त्यांच्याविषयी गोष्टी मात्र भरपूर रचल्या गेल्या.

आगगाडी येण्यापूर्वी लंडनकरांचे मांस स्वतःच्या पायांनी चालत येई. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली गुरे फॉलकर्कच्या बाजारात विकली जात आणि तेथून दक्षिणेचा रस्ता धरत. वेल्समधूनही कळप निघत. शेवटचा मुक्काम लंडनचा स्मिथफील्ड बाजार. चाल दिवसाला दहा-बारा मैलांची. घाई केली तर जनावर वाळे आणि भाव पडे. रस्ता कठीण असेल तेथे गुरांना पत्री मारीत. खूर दुभंगलेला, म्हणून एकेका पायाला दोन तुकडे लागत. कळप नेणाऱ्या या हेड्यांना परवाना लागे. १५६३ च्या कायद्याप्रमाणे तो विवाहित, घरदार असलेल्या आणि निदान तीस वर्षांच्या माणसालाच मिळे.

कळपाबरोबर कुत्रे असत. त्यांचे सर्वांत चांगले वर्णन थॉमस ब्यूइक या लाकडावर चित्रे कोरणाऱ्या कलावंताने १७९० साली आपल्या चतुष्पाद प्राण्यांवरच्या पुस्तकात केले. मेंढपाळाचा कुत्रा वेगळा आणि गुरे हाकणारा ‘कर’ वेगळा, असे तो सांगतो. (‘कर’ या शब्दाचा अर्थ आज इंग्रजीत ‘टुकार कुत्रा’ असा झाला आहे. ब्यूइकच्या लेखी मात्र तो शेतकऱ्याचा विश्वासू नोकर होता.) हा कुत्रा मेंढपाळाच्या कुत्र्यापेक्षा मोठा, ताकदवान, आखूड केसांचा. तो जोरात चावे आणि नेहमी जनावराच्या टाचेवर हल्ला करी. पुढे ब्यूइक एक महत्त्वाची गोष्ट नोंदवतो. यांतली बरीच पिल्ले जन्मतःच आखूड शेपटीची असत.

ही नोंद महत्त्वाची का? कारण एक लोकप्रिय गोष्ट वेगळेच सांगते. १७९६ साली ब्रिटनमध्ये कुत्र्यांवर कर बसला. कामाच्या कुत्र्यांना त्यातून सूट मिळे आणि त्याची खूण म्हणून त्यांच्या शेपट्या कापत, म्हणून हे कुत्रे बिनशेपटीचे, अशी ती गोष्ट. शेपट्या कापल्या जात असतीलही. पण ब्यूइकचे पुस्तक करापेक्षा सहा वर्षांनी जुने आहे, आणि तो कापलेल्या नव्हे, जन्मजात आखूड शेपटीविषयी बोलतो आहे.

येथे जनुकशास्त्र मदतीला येते. पेम्ब्रोक कॉर्गी ही वेल्समधली गुरे हाकणारी जात. तिच्या आखूड शेपटीमागचे उत्परिवर्तन २००१ साली सापडले. पुढे २००९ मध्ये तेच अनेक जातींत आढळले. ऑस्ट्रेलियातला आखूड शेपटीचा गुरांचा कुत्रा त्यांपैकीच एक. या जनुकाची एक प्रत बदललेली असेल तर शेपूट आखूड होते. दोन्ही बदललेल्या असतील तर गर्भ वाढतच नाही. विद्यार्थ्यांकडून हे फळ्यावर मांडून घ्यावे. आईबाप दोघेही आखूड शेपटीचे असले तर चारांतला एक गर्भ नष्ट होतो. उरलेल्या तिघांत दोन आखूड शेपटीचे आणि एक लांब. मेंडेलचे ओळखीचे ३:१ येथे २:१ होते. म्हणजे कितीही निवडून पैदास केली तरी लांब शेपटीची पिल्ले होतच राहणार. ब्यूइक ‘सगळी’ न म्हणता ‘बरीच’ म्हणतो, ते याच्याशी जुळते. त्याच्या कुत्र्यांत हेच जनुक होते, असे मात्र सिद्ध करता येणार नाही.

आता लर्चर. हा ग्रेहाउंडचा संकर, बऱ्याचदा मेंढपाळी कुत्र्याशी झालेला. ग्रेहाउंडला वेग आहे, पण मेंढपाळी कुत्र्याचे आज्ञापालन आणि काटकपणा नाही. संकरात दोन्ही येतात. रात्री अजिबात न भुंकता ससे पकडण्यात तो पटाईत, असे ब्यूइक लिहितो. इंग्रजीत लर्चर म्हणजे मुळात दबा धरणारा, भुरटा चोर. कुत्र्याला हे नाव नंतर मिळाले.

गरिबांना ग्रेहाउंड पाळण्याची बंदी होती, ती चुकवण्यासाठी हा संकर झाला, असे सांगतात. बंदी खरी आहे. १३९० च्या कायद्याने वर्षाला ४० शिलिंगांहून कमी उत्पन्नाची जमीन असलेल्यांना ग्रेहाउंड ठेवायला मनाई केली. पण त्याच कायद्यात ‘शिकारीचा इतर कोणताही कुत्रा’ हेही आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला राणी ॲनच्या काळातल्या कायद्यात तर लर्चरचे नावच घातले आणि पाच पौंड दंड ठेवला. तेव्हा संकर करून कायद्यातून सुटका होत नव्हती. फार तर शेतावरच्या कामाच्या कुत्र्यात तो खपून जात असेल. मालमत्तेवर आधारलेला शिकारीचा हक्क १८३१ साली रद्द झाला. तोवर सशासाठी माणसाला शिक्षा होई.

वंशावळ नसण्याचा परिणाम आजही दिसतो. आयव्हरमेक्टिन हे कृमी-गोचिडांवरचे औषध. मेंदूत शिरू पाहणारी अशी औषधे बाहेर ढकलणारे एक प्रथिन असते. कोली कुत्र्यांच्या कुळात त्या प्रथिनाच्या जनुकातली चार अक्षरे गळालेली आढळतात. दोन्ही प्रतींत ती नसतील, तर औषधाच्या मोठ्या मात्रेने कुत्रा बेशुद्ध पडतो, मरतोही. २००४ साली हाच दोष आणखी सात जातींत सापडला. त्यांत ग्रेहाउंड गटातल्या दोन होत्या, ज्यांच्यात कोलीचा वंश असेल असे कोणाला वाटले नव्हते. संशोधकांच्या मते हे सारे कुत्रे १८७३ पूर्वी ब्रिटनमध्ये जगलेल्या एकाच कुत्र्याचे वंशज आहेत. त्या दोन जाती विसाव्या शतकातल्या, अमेरिकेत तयार झालेल्या. त्यांच्यावरून जुन्या लर्चरविषयी काही सिद्ध होत नाही. पण दिसायला ग्रेहाउंडसारखा असलेला, आईबापांचा पत्ता नसलेला लर्चर दवाखान्यात आला, तर सुई भरण्यापूर्वी पशुवैद्याला त्याच्या आजीपणजीत कोणी मेंढपाळी कुत्री होती का, याचा विचार करावा लागतो. हल्ली तपासणीसाठी गालाच्या आतून घेतलेला नमुनाही पुरतो.