लोणारचा खार आणि मुकुटबनचा चुना



मुकुटबन हें यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागांतील गांव. वणीहून आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर त्याचें स्थानक आहे. पैनगंगा ओलांडली कीं पलीकडे तेलंगणाचा मुलूख लागतो. भोंवतीं कपाशीचीं शेतें, सागाचें व मोहाचें रान आणि पायांखालीं चुनखडक. आतां त्या चुनखडकावर सिमेंटचा मोठा कारखाना चालतो. परंतु मला आज कारखान्याविषयीं बोलावयाचें नाहीं. शाळेंतून निवृत्त झाल्यावर ह्या गांवीं, परसांतल्या चुलीवर, साबण करण्याचा जो नाद मला लागला आणि त्या नादापायीं जो थोडा इतिहास कळला, तो आपणांस सांगावयाचा आहे.

नादाचें मूळ एका जुन्या ग्रंथांत आहे. अकबराच्या दरबारांतील अबुल फजल ह्यानें 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचें वर्णन करतांना लोणारचा उल्लेख केला आहे, आणि कांच व साबण करण्यास लागणारें सर्व साहित्य तेथील डोंगरांत मिळतें असें नमूद केलें आहे. ही सोळाव्या शतकाच्या अखेरची गोष्ट. तें वाचलें आणि मला माझी आजी आठवली. ती धुणें राखेच्या पाण्यांत भिजवीत असे, केंस रिठ्यानें व शिकेकाईनें धूत असे. साबणाची वडी घरांत एकच. तीहि पाहुण्यांसाठीं कोनाड्यांत जपून ठेवलेली. ज्या वऱ्हाडांत अबुल फजलाला साबणाचें साहित्य दिसलें, त्याच वऱ्हाडांतील माझी आजी साडेतीन शतकांनंतरहि राखेवरच कां थांबली होती?

लोणारचें तळें खारें आहे हें सर्वांस ठाऊक असतें, पण तो खारटपणा केवळ मिठाचा नव्हे. त्यांत धुण्याच्या सोड्याचा अंश मोठा आहे. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं कांठावर खाराचा थर धरतो. पूर्वीं तो काढून, वाळवून त्याची प्रतवारी लावीत. पापडी, खुप्पल, भुस्की अशीं त्या प्रकारांचीं नांवें होतीं. हा खार साबणाला, कांचेला आणि कापडावरचा रंग पक्का करण्याला उपयोगी पडे. आतां मात्र तेथून चिमूटभरहि खार आणूं नये. इ. स. २००० मध्यें तें अभयारण्य झालें आणि २०२० मध्यें रामसर यादींत त्याची नोंद झाली. हें योग्यच झालें. पण माझ्या प्रयोगांतला मुख्य पदार्थच त्यामुळें हातचा गेला.

मग मीं पऱ्हाटीची राख घेतली. कपाशी वेंचून झाल्यावर उरणाऱ्या पऱ्हाट्या आमच्याकडे सरपणाला चालतातच. तळाला भोंक असलेल्या मडक्यांत राख भरली, वरून पाणी सोडलें आणि खालीं गळणारें तांबूस पाणी आटवीत बसलों. त्या पाण्यांत अंडें तरंगलें म्हणजे तें पुरेसें तीव्र झालें, अशी जुनी परीक्षा आहे. आमच्या घरीं अंडें येत नाहीं. शेजाऱ्यांकडून एक उसनें आणलें व परत केलें, तेव्हां त्यांनीं माझ्याकडे ज्या नजरेनें पाहिलें ती मीं विसरूं शकत नाहीं.

त्या पाण्यांत मोहाच्या बियांचें तेल घालून दिवसभर ढवळलें. संध्याकाळीं तेल वर आणि राखेचें पाणी खालीं, जसेंच्या तसें! ज्या मनुष्यानें आयुष्यभर मुलांना विज्ञान शिकविलें, त्याला चूक उमगावयास दोन दिवस लागले. राखेंतला खार सौम्य असतो. तो तेलाला फोडूं शकत नाहीं. त्याला आधीं चुन्यानें तीक्ष्ण करावा लागतो. धुण्याच्या सोड्याचे १०६ भाग आणि विरलेल्या चुन्याचे ७४ भाग पाण्यांत एकत्र आले कीं ८० भाग दाहक सोडा तयार होतो आणि १०० भाग खडू तळाशीं बसतो. राखेच्या खाराचेंहि तसेंच. म्हणजे ज्या खडकावर मीं उभा होतों, तोच माझ्या साबणांत कमी पडला होता.

भाजलेला चुना आणला, विरविला, राखेच्या पाण्यांत घातला. निवळ काढून तेलांत ओतली तों तासाभरांत तें दाट होऊं लागलें. माझा आनंद गगनांत मावेना. परंतु आठवडा गेला तरी वडी धरेना. मधासारखा चिकट लगदा तसाच राहिला. कारण राखेंत पोटॅशचा खार असतो आणि त्याचा साबण स्वभावतःच मऊ होतो. उत्तर युरोपांतले जुने साबणकरी ह्यावर एक युक्ति करीत. शिजलेल्या साबणांत मीठ घालीत. मग पोटॅशच्या जागीं सोडा येई आणि घट्ट साबण पाण्यावर तरंगूं लागे. मींहि मूठ मूठ मीठ टाकलें. दूध नासावें तसा लगदा फाटला आणि वर पिवळट साय आली. ती गाळून लांकडी चौकटींत दाबली. महिन्याभरानें माझी पहिली वडी तयार झाली : तपकिरी, ओबडधोबड, मोहाच्या उग्र वासाची; पण फेंस देणारी.

ह्या सगळ्या खटाटोपाला युरोपानें फार लवकर रजा दिली. इ. स. १७९१ मध्यें लेब्लां ह्या फ्रेंच गृहस्थानें मिठापासून सोडा काढण्याच्या रीतीचें पेटंट घेतलें. शेव्रल ह्यानें १८२३ मध्यें तेलाची घडण उलगडून दाखविली. पुढें १८८८ मध्यें लिव्हर बंधूंच्या 'सनलाइट' साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरांत उतरल्या. आपल्याकडे १९१८ मध्यें आर्देशर गोदरेज ह्यांनीं मुंबईंत वनस्पतितेलांचा 'चावी' साबण काढला; चरबीमुळें साबणाला न शिवणाऱ्या घरांतहि त्यामुळें साबणाचा प्रवेश सुकर झाला. आमच्या शेजारच्या वर्धा येथें १९३४ मध्यें गांधीजींच्या प्रेरणेनें अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. पुढें खादी व ग्रामोद्योग आयोगानें मोह, कडुनिंब, करंज ह्यांच्या अखाद्य तेलांचा साबण हा एक स्वतंत्र उद्योगच मानला. खाण्याचें तेल साबणांत घालूं नये, हा विचार मला फार पटतो.

आतां आजीकडे वळूं. माझ्या त्या पहिल्या घाण्याला एक किलो तेल, दोन दिवसांचें सरपण आणि महिन्याभराची वाट लागली. तेवढ्या तेलांत तिच्या घरचा दिवा कितीतरी रात्रीं जळला असता. शिवाय, घामट कपड्यांत जो तेलकटपणा असतो त्यांतील कांहीं अंश आधींच फुटलेला असतो, आणि त्याला राखेचा सौम्य खारहि पुरतो. अर्थात् कपडा राखेच्या पाण्यांत भिजला कीं थोडासा साबण कपड्यावरच तयार होतो. म्हणजे आजी साबणावांचून धूत नव्हती. ती दर धुण्याला लागेल तेवढाच साबण करीत होती. हें मला पासष्टी उलटल्यावर, हात पोळून घेऊन कळलें.

हात खरोखरच पोळला होता, म्हणून ज्यांना हा उद्योग घरीं करून पाहावयाचा असेल त्यांना दोन शब्द. बाजारचा दाहक सोडा घेतला तर तो पाण्यांत हळूहळू टाकावा, सोड्यावर पाणी कधींहि ओतूं नये. डोळ्यांना चष्मा व हातांत मोजे असावेत, मुलें दूर असावींत. शंभर ग्रॅम खोबरेल तेलाला सुमारें अठरा ग्रॅम सोडा लागतो, मोहाच्या तेलाला तेरा-चौदाच. तेव्हां तेल बदललें तर वजनहि बदलावें. आणि भांडें पोलादाचें घ्यावें. मीं आमच्या मंडळींचें जर्मनचें पातेलें घेतलें होतें. तीव्र खारांत तें फसफसून काळें पडलें आणि तळाला चाळण झाली. त्या पातेल्याबद्दल मला अद्याप क्षमा मिळालेली नाहीं. मात्र कोनाड्यांतली ती तपकिरी वडी हल्लीं माझ्याशिवाय आणखी कोणीतरी वापरतें, असें तिच्या झिजण्यावरून दिसतें. पुढचा घाणा करंजाच्या तेलाचा घालणार आहें. बिया वेंचून ठेवल्या आहेत.